वेळेवर लागलेलं लग्न

वडीगोद्रीला हायवेलगत सर्जेरावांचं मंगल कार्यालय होतं. समोर एसी हॉलवालं नवं कार्यालय उभं राहिलं, तेव्हा सर्जेरावांनी जाहीर केलं, की आमच्याकडे लग्न मुहूर्तावर लागलं नाही तर जेवण मोफत. पुंजारामांनी लगेच मुलीच्या लग्नाची तारीख धरली. मग सर्जेरावांना आठवलं, की या भागात लग्न मुहूर्तावर लागत नसतं. पत्रिकेत वेळ छापतात ती जागा रिकामी दिसू नये म्हणून. अख्ख्या गावाचं जेवण अंगावर आलं, तर कार्यालयच विकावं लागलं असतं.

त्यांनी पुण्याला विमा कंपनीत असलेल्या पुतण्याला, कल्याणला, फोन लावला.

"काका, तुम्ही तर विमाच विकला की. आता हेजिंग करा."

"समजंल असं सांग."

कल्याणने सांगितलं ते असं. विमा कंपनी लोकांना ठरलेली रक्कम द्यायचा शब्द देते आणि त्यांचे हप्ते बाजारात गुंतवते. बाजार पडला तरी शब्द पाळावा लागतो. म्हणून ती तिसऱ्याच कुणाशी करार करते. बाजार पडला तर भरपाई त्याने द्यायची, नाही पडला तर कराराची फी त्याची. असल्या कराराला डेरिव्हेटिव्ह म्हणतात. थोडक्यात, आपली काळजी कंपनी घेते आणि कंपनीची काळजी भलताच माणूस घेतो.

"उशीर झाला की ज्याचा फायदा होतो, असा माणूस गाठा. आणि काका, अजून एक..."

पण सर्जेरावांना सगळं समजलं होतं. हुशार माणसं पहिल्या उदाहरणालाच फोन ठेवतात.

उशिरात फायदा डीजेवाल्या नजीरभाईंचा. नवरदेवाचे मित्र जितके नाचतील तितके त्यांचे तास वाढत. करार ठरला: उशीर झाला तर जेवणाचा खर्च नजीरभाईंचा, लग्न वेळेवर लागलं तर सीझनभर कार्यालयात डीजे त्यांचाच.

"मंजूर," नजीरभाई म्हणाले. "बिलकुल टाईमावर लावतो."

लग्नाच्या दिवशी वरात मारुतीच्या देवळापासून निघाली आणि दुसऱ्याच गाण्याला डीजे बंद पडला.

"लाव की भाऊ, आत्ता तं अंगात आल्तं," नवरदेवाचा मित्र म्हणाला.

"मशीन जळाली. चला जल्दी, नवरीकडचे थांबून राह्यले."

गाणं नाही म्हटल्यावर घोडी सरळ मांडवात आली. नवरीचा मामा तेवढा नव्हता. तो अंकुशनगरला दाढी करत होता. मुहूर्त टळू नये म्हणून नजीरभाई स्वतःच नवरीच्या पाठीशी मामा म्हणून उभे राहिले. जालना जिल्ह्यात लग्न मुहूर्तावर लागलं, आणि ते पाहायला दोन घरची माणसं, नवरदेवाचे मित्र, भटजी आणि आचारी एवढेच हजर होते.

पाहुणे नेहमीप्रमाणे वेळेवर आले, म्हणजे दोन तासांनी. फेटे बांधलेले, हातात अक्षता, आणि नवरा-नवरी जेवून बसलेली.

"पत्रिकेत टाईम छापला म्हणून त्याच टाईमाला लावायचं का?" मामा पुंजारामांवर तडकला. "मी जेवत न्हाई. चाललो."

मामा निघाला, तसे त्याच्यामागे सगळे निघाले. पुंजाराम रडकुंडीला आले. शेवटी भटजींनी अंतरपाट पुन्हा धरला, मंगलाष्टका पुन्हा झाल्या, मामा खरा उभा राहिला आणि पंगती बसल्या.

पंगती उठल्यावर पुंजाराम शांतपणे म्हणाले, "सर्जेराव, लग्न मुहूर्तावर न्हाई लागलं."

"लागलं तं. तुमच्यासमोर लागलं."

"ते कोणी पाह्यलं? गावानं पाह्यलं ते उशिराच लागलं. जेवण मोफत."

सर्जेराव नजीरभाईंकडे धावले.

"आपला करार पह्यल्या लग्नाचा," नजीरभाई म्हणाले. "ते बराबर टाईमावर लागलं. मी सोता मामा होतो. आता सीझन माझा."

सर्जेरावांनी पुण्याला फोन लावला. कल्याणने सगळं ऐकून घेतलं.

"बेसिस रिस्क, काका. आपण दिलेला शब्द एका गोष्टीवर आणि करार दुसऱ्याच गोष्टीवर. शिवाय, ज्याच्या हातात खेळ त्याच्याशीच करार करायचा नसतो. तेच सांगत होतो."

"मंग तुमच्या कंपनीत असं झालं तं काय करता?"

"नवीन गिऱ्हाइकाचा हप्ता वाढवतो."

दुसऱ्या दिवशी केदारखेड्याच्या सगुणाबाई लेकाच्या लग्नाचं ठरवायला आल्या. ताटाचा दर ऐकून त्या उभ्याच राहिल्या.

"एवढा काऊन वाढला?"

"पुंजारामच्या पोरीचं लग्न टाईमावर लागलं म्हणून," सर्जेराव म्हणाले.