निकाल खालून वाचणारे अष्टेकर

आमच्या सोसायटीतले अष्टेकर लॉटरीचा निकाल खालून वर वाचतात. सगळं जग आधी पहिलं बक्षीस बघतं, आपला नंबर नाही म्हटल्यावर सुस्कारा टाकतं आणि तिकिटाचा बोळा करतं. अष्टेकर कागदाच्या तळाशी भिंग टेकवतात आणि मुंगी भिंतीवर चढावी तसे एकेक ओळ वर सरकतात. पहिल्या बक्षिसापर्यंत पोचेस्तोवर हातातला चहा गार होतो. आणि गंमत म्हणजे या गृहस्थांनी जन्मात एकही तिकीट विकत घेतलेलं नाही.

"का हो?" मी एकदा विचारलं.

"मी वाचक आहे, वहिनी. गिऱ्हाईक नाही."

पुण्यात, वारज्याला आमची चार मजली इमारत आहे. मी पहिल्या मजल्यावर, अष्टेकर माझ्या बरोबर डोक्यावर. नोकरी त्यांनी एका छापखान्यात केली, छापण्याआधी चुका तपासायची. त्यातली बरीच वर्षं टेलिफोनच्या डिरेक्टरीवर गेली. "ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस तुमच्यासमोर बसलाय," असं ते सांगतात, आणि सांगताना मान जराशी ताठ होते. उलटं वाचायची सवय तिथलीच. सरळ वाचलं की म्हणे डोळा पुढचं गृहीत धरतो आणि चूक सुटते. उलटं वाचलं की प्रत्येक आकडा नवा.

ही सवय त्यांनी घरभर पसरू दिली. लग्नपत्रिका आली की आधी छापखान्याचं नाव वाचतात, मग "आपले नम्र", मग सावकाश वधूवर. आमच्या चेअरमनांच्या मुलीची पत्रिका वाटून झाली तेव्हा अष्टेकर म्हणाले, "तारीख रविवारची आहे, वार शनिवार छापलाय. आम्ही जेवायला दोन्ही दिवस येतो." चेअरमन पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. अष्टेकरांच्या ते लक्षातही आलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते पार्किंगमधल्या बाकावर कागद घेऊन बसायचे आणि ज्याच्याजवळ तिकीट असेल तो खाली यायचा. तिथे मी भाजी निवडत बसायची, म्हणून मला हे सगळं शास्त्र ऐकून ऐकून पाठ झालं.

"बक्षिसं म्हणजे इमारत आहे," ते सांगायचे. "गच्चीवर एकच खोली, ते पहिलं बक्षीस. सगळे मान वर करून तिथेच बघतात. खाली मजल्यांवर किती खोल्या रिकाम्या आहेत ते कोण बघणार? कुठे शेवटचे चार आकडे जुळले की पुरतं, कुठे पाच. मालिका कुठली का असेना. तुम्ही खालून या."

"खालून या" हे त्यांचं पालुपद. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींना खालून आल्यामुळे दोनशे रुपये लागले. चेअरमनांचं मोठं बक्षीस एका आकड्याने गेलं तेव्हा ते दोन दिवस प्रत्येकाला सांगत फिरले, "एका आकड्याने हुकलं हो." अष्टेकर म्हणाले, "हुकलं म्हणजे हुकलं. शेजारचा मुलगा पास झाला म्हणून आपण पेढे वाटत नाही."

तर आता कमलची गोष्ट. कमल आमचा जिना झाडायची. लातूरकडची, इथे येऊन बरीच वर्षं झाली. मागच्या गल्लीतला एक गिरणीवाला म्हातारा गावी परत चालला होता. मोटरसकट गिरणी सत्तर हजाराला देतो म्हणाला होता, पण महिनाभरच थांबणार होता. कमलच्या मनात ती गिरणी अशी बसली होती की झाडू मारता मारता ती मला विचारायची, "काकू, ज्वारीला किती घ्यावं किलोमागं?" गिरणीचा पत्ता नाही आणि हिचे दर ठरलेले. हातात काही नव्हतं, म्हणून तिने दिवाळीचं एक तिकीट घेतलं.

निकाल लागला. कमल खाली मान घालून झाडत होती. अष्टेकर म्हणाले, "कमलबाई, तुमचं तिकीट?"

"न्हाई लागलं काका. पहिला नंबर येगळाच हाय."

"पहिला सोडा. आणा तिकीट."

"देवापुढं ठिवलंय. आज निर्माल्यासंगं जाणार हाय ते."

अष्टेकर बाकावरून उठले. मी त्यांना इतक्या चटकन उठताना आधी पाहिलं नव्हतं. "झाडू ठेवा आणि आधी जा," म्हणाले.

तिकीट आलं आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. बाईने देवाला वाहतात तसं त्याला ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं होतं, चांगलं ठसठशीत. अर्धं चित्र लाल, बारकोडचा एक कोपरा लाल. अष्टेकरांनी भिंग लावलं, खालून चढत चढत वरून तिसऱ्या ओळीपाशी थांबले, पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. मग हळूच म्हणाले, "शेवटचे पाच आकडे. सर्व मालिका. एक लाख."

"किती?" कमलने पुन्हा विचारलं.

"कर तीस टक्के आधीच कापतात. दहा हजारांवर गेलं की सरकार आपला वाटा पहिला उचलतं," अष्टेकर म्हणाले. "हातात सत्तर."

गिरणीची किंमत आली होती, अगदी काट्यावर. पण ते कुंकू. मग प्रत्येकाने औषध सुचवलं. जोशीवहिनी म्हणाल्या कापूस दुधात बुडवून फिरवा. चेअरमन म्हणाले नेलपॉलिशचं रिमूव्हर. पुलाजवळ लॉटरीची टपरी आहे, तो टपरीवाला तर घरी येऊन कमलला म्हणाला, "मावशी, असलं तिकीट हापिसात कोणी घेत नाही. पंचवीस हजार रोख देतो, माझं मी बघतो." ती बिचारी द्यायलाच निघाली होती. पंचवीस तर पंचवीस, वाया जाण्यापेक्षा बरं.

अष्टेकरांनी टपरीवाल्याला विचारलं, "कोणी घेत नाही, तर तुम्ही का घेताय?"

तो गेला.

"आणि पुसायचं नाही," ते आम्हा बायकांकडे वळून म्हणाले. "पुसलं की खाडाखोड झाली. कुंकू लावणं ही खाडाखोड नाही. मागे नियम छापलेत, मी वाचलेत. खालून." तिकीट पातळ प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते त्यांनी कमलच्याच हातात दिलं. आधी मागे तिची सही करून घेतली. ती सही काढायला तिला पाच मिनिटं लागली.

लहान बक्षीस दुकानात मिळतं, मोठ्याला मुंबईच्या बाजूला लॉटरीच्या कचेरीत जावं लागतं. आम्ही तिघं पुलाखालून सकाळची बस धरून गेलो. अष्टेकरांच्या पिशवीत आधार, पॅन, पासबुक, फोटो, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स.

खिडकीवरच्या बाईंनी तिकीट बघितलं आणि परत सरकवलं. "खराब झालंय. चालणार नाही."

कमलने माझा दंड घट्ट धरला. अष्टेकर शांत. "मॅडम, खराब कशाला म्हणायचं ते आपणच मागे छापलंय. फाटलेलं, खाडाखोड केलेलं, नंबर वाचता न येणारं. यात कुंकू नाही."

"अहो, पण हे बघा तरी."

"आपण नंबर वाचून दाखवता का? माझे डोळे अधू आहेत."

बाईंनी वैतागून सगळा नंबर मोठ्याने वाचला.

"आभारी आहे," अष्टेकर म्हणाले. "म्हणजे वाचता येतो."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, तिकीट उचललं आणि मशीनखाली धरलं. काही नाही. तिरकं धरलं. काही नाही. तिसऱ्यांदा कमलने डोळे मिटून घेतले आणि तेवढ्यात मशीन पीप करून वाजलं. बाईंच्या बोटाला कुंकू लागलं होतं. ते बोट त्यांनी नकळत कपाळाला टेकवलं आणि फॉर्म पुढे केला.

गिरणीवाला थांबला. पैसे बँकेत आले ते त्याच्या जाण्याच्या चार दिवस आधी. कमलने मोटरीला हार घातला, बटण दाबलं आणि सबंध गल्लीला पिठाचा वास आला. सोसायटीतली सगळी दळणं आता तिच्याकडेच जातात. चेअरमनसुद्धा डबा घेऊन रांगेत उभे राहतात. जिना झाडायला दुसरी बाई आहे. कमल मालकीणबाई झाली, आणि ज्वारीचा दर तिने ठरवला होता तोच आहे.

इथे खरं म्हणजे गोष्ट संपते. पण हल्ली माझ्या दाराला दर मंगळवारी दोन किलो पिठाची पिशवी अडकवलेली दिसायला लागली. एकदा ती अडकवताना अष्टेकर सापडले. विचारलं तर म्हणाले, "जास्त झालंय, वहिनी." मला आधी काही वाटलं नाही. मग एकदम लक्षात आलं, यांच्या घरी पोळपाट लाटणंसुद्धा नाही. एकटा जीव, दोन्ही वेळेला खानावळीचा डबा येतो. हा माणूस दर आठवड्याला गहू विकत आणतो, दळून घेतो आणि पीठ माझ्या दाराला लावून जातो.

मी तडक कमलकडे गेले. म्हटलं, "अगं, ते अष्टेकर. त्यांच्याकडे पीठ खाणारं कोण आहे?"

"म्हाईत हाय, काकू." ती चाळणी झटकत होती. "इथं बसतेत, चार बाया चार गोष्टी बोलतात, त्यांला बरं वाटतं."

"मग सांग की त्यांना, नुसतं येऊन बसा म्हणून. गहू कशाला आणायचा?"

"नुसतं नसते यायचे ते."

बोलता बोलता तिने रांगेतला एक पितळी डबा उचलून सगळ्यात मागे ठेवला. दुपारचे बारा वाजायला आले होते. गिरणीबाहेरच्या बाकड्यावर अष्टेकर कुणाची तरी लग्नपत्रिका वाचत बसले होते आणि तीन बायका त्यांच्याभोवती हसत होत्या.

"त्यांचं दळण मी शेवटाला घेती," कमल म्हणाली.