पिवळ्या रेनकोटातला माणूस

उद्यापासून ऑफिसला जायचं, असा निर्णय गृहस्थाने पानगळ सुरू झाली त्या आठवड्यात घेतला. यात निर्णय घेण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. जगात एवढी माणसं रोज ऑफिसला जातात आणि त्यांच्यावर कुणी कथा लिहीत नाही. पण गृहस्थाला ऑफिसच नव्हतं, ही त्यातली मुख्य अडचण होती.

बायकोची बदली परदेशात झाली, तेव्हा तिच्या सामानाबरोबर तोही आला होता. इथे येऊन त्याने स्वतःचा व्यवसाय सुरू केला. यंत्रं विकत घेतली की खोक्यात एक माहितीपुस्तिका मिळते ना, ती तो लिहायचा. 'झाकण घट्ट बसल्याची खात्री करावी', 'यंत्र पाण्यात बुडवू नये', ही वाक्यं आकाशातून पडत नाहीत. कुणाला तरी बसून लिहावी लागतात. त्या पुस्तिका कुणी वाचत नाही हे त्याला ठाऊक होतं. (त्याने स्वतःही आयुष्यात एकही वाचली नव्हती.) तरी काम इमानेइतबारे चालायचं, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर.

दुःख एकच होतं. तो घरी असायचा.

"प्लंबर येणार आहे, तू घरीच आहेस ना?" बायको निघता निघता म्हणायची. "पार्सल येईल, तू घरीच असशील." "अरे, मागच्या अंगणात पानांचा खच पडलाय, तेवढा झाड. नाहीतरी घरीच असतोस." आणि मायदेशाहून आईचा फोन यायचा.

"आजही घरीच? तब्येत बरी नाही का रे?"

"आई, मी काम करतोय."

"हो रे बाळा. होईल काहीतरी."

त्या 'होईल काहीतरी'ने गृहस्थाचं डोकं फिरलं. त्याने रात्रीच्या जेवणात जाहीर केलं, की बाजारपेठेजवळ भाड्याने टेबल मिळणारं एक सामायिक ऑफिस आहे, तिथे उद्यापासून आपण जाणार. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. मधल्या वेळात आपण घरी नाही असं समस्त जगाने समजावं.

"बरं होईल," बायको म्हणाली. "पानं मग जायच्या आधी झाडशील की आल्यावर?"

सामायिक ऑफिसात त्याच्या डावीकडे एक तरुण होता, तो दिवसभर कच्ची गाजरं खायचा. उजवीकडे एक बाई होती, ती फोनवर आपल्या सासूबद्दल बोलायची, आणि सासू खरोखरच इतकी भयंकर होती की गृहस्थाचं कामात लक्ष लागेना. आठवडा संपायच्या आत त्याने टेबल सोडून दिलं. पण बायकोला सांगायचं कोणत्या तोंडाने? इतक्या थाटामाटात ऑफिसला गेलेला माणूस चार दिवसांत परत येऊन 'मी घरीच बसतो' म्हणाला, तर उरलेलं आयुष्य प्लंबरची वाट बघण्यातच जाणार.

म्हणून त्याने एक युक्ती काढली. (गृहस्थाच्या युक्त्यांबद्दल त्याच्या सासरी एक शब्द प्रचलित आहे; तो इथे देता येत नाही.) सकाळी कोट चढवायचा, बॅग घ्यायची, "येतो गं!" म्हणून पुढच्या दाराने बाहेर पडायचं. कोपऱ्यावर वळायचं, घरांच्या मागच्या बोळातून स्वतःच्याच अंगणात शिरायचं आणि तिथल्या लाकडी खोपटात उभं राहून बायकोच्या गाडीचा आवाज जाण्याची वाट बघायची. खोपट बोळाला लागूनच होतं, पण तिथून दारापर्यंत चिखल आणि कुजकी पानं. बूट खराब झाले तर चोरी उघडी पडणार. खोपटात आधीच्या भाडेकरूचे गमबूट होते आणि एक पिवळा रेनकोट लटकत होता. कोट आणि बूट काढायचे, रेनकोट आणि गमबूट घालायचे, टोपी नाकापर्यंत ओढायची, कुंडीखालची किल्ली काढायची आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने करायचं आणि पुढच्या दारात येऊन "दमलो बुवा!" म्हणायचं.

घरात मात्र हाल होते. हीटर लावता येत नव्हता. बायको आली आणि खोल्या उबदार लागल्या तर? म्हणून तो रेनकोटातच टेबलाशी बसून, नाक पुसत, एका हीटर कंपनीसाठी लिहायचा: 'कुटुंबातील सर्वांनी सुखद उबेचा आनंद घ्यावा.' बोटं अशी काकडलेली असायची की 'सुखद' हा शब्द लिहायला वेळ लागायचा.

पण तो खूश होता, हे खरं. कुणी त्याला काही सांगत नव्हतं, कुणी कीव करत नव्हतं. तो शीळ घालायचा. खिडकीबाहेरचं झाड रोज थोडं थोडं उघडंबोडकं होत चाललं होतं, आणि त्याला कुणी येऊन 'तब्येत बरी नाही का?' असं विचारत नव्हतं. परक्या मुलखात येऊन आपण एका झाडाचा हेवा करतो आहोत, हे गृहस्थाच्या लक्षात आलं. त्याला जरा वाईट वाटलं, आणि मग त्याने आणखी एक बिस्किट खाल्लं.

शेजारी एक निवृत्त बाई राहायच्या. पक्षी बघायला म्हणून त्यांनी दुर्बीण घेतली होती, तेव्हापासून नवरा-बायको त्यांना आपापसात दुर्बीणबाई म्हणत. थंडी सुरू झाली तसे पक्षी निघून गेले, दुर्बीण राहिली. एका सकाळी गृहस्थ बोळातून खोपटाकडे निघालाच होता (त्या दिवशी पावसाचा अंदाज होता म्हणून रेनकोट त्याने आदल्या संध्याकाळीच बॅगेत घालून नेला होता आणि कोपऱ्यावरच चढवला होता), तेवढ्यात हाक आली.

"अहो पिवळेदादा! पानं झाडायला आलात ना? या इकडे."

तोंड उघडावं तर आवाज ओळखू येणार. गृहस्थाने टोपी आणखी खाली ओढली आणि मान डोलावली. ती सकाळ त्याने दुर्बीणबाईंचं अंगण झाडण्यात घालवली. बाई खुर्ची टाकून बसल्या आणि बोलत राहिल्या.

"तुम्ही किती मन लावून काम करता! नाहीतर आमच्या शेजारणीचा नवरा बघा. सुतकी चेहऱ्याचा. नुसता बॅग घेऊन हिंडतो. त्यांच्या अंगणात पानं कुजून चाललीयेत, पण बाबा वाकायचा नाही."

शेवटी त्यांनी दोन सफरचंदं दिली. त्यानंतर पानं पडतील तशी हाक यायची आणि गृहस्थ मुकाट्याने जायचा. स्वतःचं अंगण मात्र दिवसा झाडता येत नव्हतं, कारण ते स्वच्छ दिसलं असतं तर बायकोला पहिला संशय आला असता.

हे असंच वसंतापर्यंत चाललं असतं. पण एका संध्याकाळी सूप पिता पिता बायको म्हणाली, "दुर्बीणबाई सांगत होत्या, तू ऑफिसला गेलास की आपल्या घरात एक माणूस शिरतो."

गृहस्थाला ठसका लागला. "कसला माणूस?"

"पिवळ्या रेनकोटातला. किल्ली कुठे असते तेही त्याला माहीत आहे म्हणे."

"चोर असेल," गृहस्थ म्हणाला आणि लगेच पस्तावला.

"पण चोरतो काय? सगळं जागच्या जागी आहे. फक्त बिस्किटं संपतायत. आणि कप धुतलेला असतो."

"मग... स्वभावाने चांगला असेल."

"पोलिसांना कळवू या?"

"छे छे! परका देश, उगाच कशाला..."

"दिसायलाही बरा आहे, असं म्हणत होत्या."

"हो?" गृहस्थाचा हात नकळत केसांवरून फिरला.

बायकोने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती उठली आणि कपाटातून एक खोका घेऊन आली. घरफोडीचा अलार्म बनवणाऱ्या कंपनीने तो नमुना गृहस्थाला पाठवला होता. त्याची पुस्तिका त्याने नुकतीच लिहून दिली होती. "हा पडूनच आहे. पुस्तिका तूच लिहिलीयेस, म्हणजे सोपीच असणार. सकाळी तू गेलास की मी मागच्या दाराला बसवून टाकते."

त्या रात्री गृहस्थ अंथरुणात पडून आपली पुस्तिका आठवत राहिला. कारण त्याच अलार्म कंपनीच्या मॅडमबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची लॅपटॉपवर मीटिंग होती. पुस्तिका मॅडमना पसंत पडली, तर कंपनीच्या झाडून सगळ्या यंत्रांचं काम वर्षभर त्याच्याकडे येणार होतं. मग त्याच्या घरी असण्याला जगाने काम म्हटलं असतं. आईला सांगायला काहीतरी झालं असतं. आणि मीटिंगसाठी घराशिवाय जागा नव्हती. सामायिक ऑफिसातलं त्याचं टेबल एव्हाना गाजरवाल्याच्या मित्राला गेलं होतं.

'घाबरायचं कशाला?' त्याने स्वतःला समजावलं. 'पुस्तिका आपणच लिहिली आहे.'

सकाळी बायकोची गाडी गेल्यावर तो रेनकोट चढवून दारात आला. कुलूप उघडताच भिंतीवरची नवी डबी टुकटुक करू लागली. थोड्या वेळात कोड दाबला नाही, तर अलार्म बोंबलणार होता. बायकोने कोड काय ठेवला असेल? गृहस्थाने लग्नाची तारीख दाबली. लाल दिवा. बायकोचा वाढदिवस दाबला. लाल दिवा. आपली तारीख चुकली असेल म्हणून त्याने आदल्या आणि नंतरच्या दिवशीचे वाढदिवसही दाबून पाहिले. मग अलार्म वाजला, आणि असा वाजला की झाडावरची उरलीसुरली पानंही बहुधा तेव्हाच पडली.

मीटिंगची वेळ झाली होती, म्हणून त्याने तशाच गोंगाटात बॅगेतला लॅपटॉप टेबलावर उघडला, आणि त्यात मॅडम प्रकट झाल्या.

"अरे वा!" त्या ओरडून म्हणाल्या. "हा तर आमचाच अलार्म!"

"हो मॅडम!" गृहस्थ त्याहून ओरडला. "मी... प्रात्यक्षिक दाखवतोय!"

"छान! आता बंद करून दाखवा!"

गृहस्थाने पुस्तिका उघडली आणि स्वतःचंच गद्य मोठ्याने वाचू लागला. "अलार्म वाजल्यास घाबरून जाऊ नये. योग्य तो कोड, योग्य त्या पद्धतीने, योग्य त्या वेळेत दाबावा."

"म्हणजे काय?"

"तेच शोधतोय, मॅडम!"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात, हातात अंगण झाडायचं दाताळं परजत, दुर्बीणबाई उभ्या राहिल्या. पिवळा रेनकोट दिसताच त्यांनी दाताळं खाली घेतलं. "अगंबाई, पिवळेदादा, तुम्ही होय! मला वाटलं, खराच चोर शिरला. पळा! मी तिला फोन केलाय, येतेय ती! तिचा तो नवरापण येईल!"

पण त्याने पळायच्या आत बायको आलीच. (ती इतक्या लवकर कशी आली, तर ती लांब गेलीच नव्हती; गाडी कोपऱ्यावर लावून बसली होती.) ती शांतपणे डबीपाशी गेली, चार बटणं दाबली, आणि घरात एकदम सामसूम झाली.

"काय... काय कोड होता?" गृहस्थाने विचारलं.

"एक, दोन, तीन, चार."

"अगं, तो कारखान्यातून येतो तो! तो बदलायचा असतो! तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय मी!"

"बदलायचा असं लिहिलंयस. कसा बदलायचा, ते कुठे लिहिलंयस?"

गृहस्थाने पान उलटलं. मग मागचं उलटलं.

"बाईसाहेब बरोबर बोलतायत," लॅपटॉपमधून मॅडम म्हणाल्या.

बायकोने पुढे होऊन त्याच्या डोक्यावरची टोपी मागे सारली. "हात बघ कसे गार पडलेत. हीटर तरी लावायचास, वेड्या."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"चोर कप धुतो आणि बशी तशीच ठेवतो, असं ऐकलं होतंस का कुठे? इतकी वर्षं तीच बशी विसळतेय मी. वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. सांगेचनास, मग अलार्म बसवला."

"कसं सांगणार?" गृहस्थ म्हणाला. "'घरीच असतोस ना' ऐकून ऐकून जीव विटला गं. काम करतो मी. खरंच करतो."

बायकोने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि चोळले. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "नाही म्हणणार पुन्हा."

मॅडमनी घसा खाकरला. काम देऊ, पण एका अटीवर, असं त्या म्हणाल्या. यापुढे प्रत्येक पुस्तिका आधी बाईसाहेब वाचतील, त्याप्रमाणे यंत्र चालवून बघतील आणि त्यांनी मान्य केली तरच ती छापायला जाईल. बायकोने गृहस्थाला न विचारताच होकार दिला. वर्षभराचं काम मिळालं, आणि त्याचबरोबर घरातच साहेबही मिळाला. आईला मात्र त्याने फोनवर फक्त पहिली गोष्ट सांगितली.

सगळा उलगडा दुर्बीणबाईंना दोनदा करून सांगावा लागला. त्यांनी गृहस्थाला डोक्यापासून गमबुटांपर्यंत न्याहाळलं, गरज नसताना दुर्बीणही लावली आणि मान हलवली.

"छे! हा तर तुमचा नवरा. मी म्हणतेय तो वेगळाच. चांगला उंच होता, कामसू होता, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"अगदी बरोबर," बायको म्हणाली. "आमच्या अंगणात केवढी पानं साचलीयेत बघा. तो पुन्हा दिसला तर आमच्याकडे नक्की पाठवा हं. मी ऑफिसला असेन, पण काही अडणार नाही. दार उघडायला आमचा हा घरीच असतो."