नुबियाबाईंचा दुसरा आवाज

ग्रितेरियाच्या सणाच्या संध्याकाळी लेओन शहरात ज्याचं दार बंद असतं, तो एक तर परगावी गेलेला असतो किंवा देवाघरी. नुबियाबाई सेन्तेनो दोन्हीकडे गेल्या नव्हत्या. त्या स्वतःच्याच घरात दिवे घालवून, हाताची घडी घालून बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीत त्यांचे यजमान एव्हेनोर आवाज न करता श्वास घ्यायचा प्रयत्न करत होते.

"टीव्ही नाही, दिवा नाही, खोकणं नाही," नुबियाबाईंनी बजावलं होतं. "आणि त्या बयेवर चादर टाक."

बया म्हणजे वकीलबाई, त्यांची पोपटीण. हिरवीगार, मानेमागे पिवळा पट्टा, आणि तोंड असं की तिचं नाव दुसरं काही ठेवताच आलं नसतं. एव्हेनोरनी पिंजऱ्यावर निळी चादर घातली. उद्या सकाळी नुबियाबाईंचा भाऊ हेबेर्तो मळ्यावरून येणार होता आणि वकीलबाईंना टोपलीत घालून कायमचा घेऊन जाणार होता. एव्हेनोरना ते मुळीच पटलं नव्हतं. पण या घरात त्यांना न पटलेल्या गोष्टी बऱ्याच होत्या आणि त्या सगळ्या घडल्या होत्या.

बंद दार आणि पोपटिणीची पाठवणी, दोन्हींच्या मुळाशी समोरच्या घराशी झालेलं भांडण होतं, आणि ते वडीवरून झालं होतं. या सणाला घरोघरी मारियामाउलीची आरास मांडतात. सहाच्या घंटा झाल्या, फटाके वाजले, की लोक पिशव्या घेऊन दारोदार फिरतात आणि बाहेरून ओरडून विचारतात, "एवढा आनंद कुणामुळे?" आतून उत्तर येतं, "मारियामाउलीमुळे!" उत्तर आलं की घरच्यांनी प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी घालायचं. ऊस, संत्री, मका-गुळाची आलं घातलेली वडी, जे असेल ते. उत्तर देऊन हात आखडता घेणारा माणूस लेओनमध्ये अजून जन्मायचा आहे. गेल्या वर्षी समोरच्या आदिलियाबाई चारचौघींत म्हणाल्या होत्या, "नुबियाच्या वड्या चांगल्या असतात. फोडायला तेवढा वरवंटा लागतो."

हे कानावर आलं तेव्हा नुबियाबाई स्वयंपाकघरात होत्या. "आदिलियाची कवळी डब्यात असते," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि नावं माझ्या वडीला ठेवते." बस, एवढंच. पण वकीलबाई तिथेच कॉफीत भिजवलेली तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, खात होत्या. दुसऱ्या दिवशी त्या अंगणाच्या भिंतीवर चढल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं, हुबेहूब नुबियाबाईंच्या आवाजात त्यांनी सुरुवात केली, "आदिलियाची कवळी! आदिलियाची कवळी!" गल्लीत कुणाला शंकाही आली नाही. आदिलियाबाईंनी नुबियाबाईंकडे बघणं सोडलं.

एव्हेनोरना मात्र त्या पाखराचं कौतुक आवरत नसे. इतर पोपट आवाज काढतात, वकीलबाई प्रसंग ओळखून बोलत. तोर्तियावाली कोपऱ्यावर आली की "येते हं, येते!" जपमाळेच्या प्रार्थनेत एव्हेनोरना डुलकी लागे, पण वकीलबाईंचं "आम्हांसाठी विनंती कर" कधी एका श्वासानं पुढे-मागे झालं नाही. आणि सगळं नुबियाबाईंच्या आवाजात. दुखणं तेच होतं.

"दिवसभर मलाच ऐकायचं म्हणजे काय," नुबियाबाई एकदा म्हणाल्या होत्या. "मी काय अशी बोलते?"

"थोडीफार," एव्हेनोर म्हणाले होते. ते त्यांना बरंच महागात पडलं होतं.

घंटा झाल्या. फटाक्यांनी खिडक्या हादरल्या. चादरीखाली पंखांची फडफड झाली. बाहेरून एक घोळका चालला होता. बंद दार बघून तो पुढे गेलाही असता, पण कुणीतरी निव्वळ सवयीनं ओरडलं, "एवढा आनंद कुणामुळे?"

"मारियामाउलीमुळे!" चादरीखालून नुबियाबाईंचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत.

बाहेरचे पाय थांबले.

"अगं, आहेत घरात."

"दार लावून बसल्यात कशाला मग?"

"मांडामांड चालली असेल. थांबू या."

"गप्प बस," नुबियाबाई दातओठ खात पिंजऱ्यापाशी कुजबुजल्या.

"गप्प बस, एव्हेनोर!" वकीलबाई मोठ्यानं म्हणाल्या. बाहेर हशा पिकला. "येते हं, येते!"

आता बाहेरचे लोक नीट रांगेत उभे राहिले. रांग दिसली म्हणून मागून येणारे तिला चिकटले. बंद दाराशी एवढी गर्दी म्हणजे आत काहीतरी भारी असणार, हे कुणालाही कळतं. कुणी म्हणालं, परातीसुद्धा देणार आहेत. शेपूट कोपऱ्यापर्यंत गेलं.

"सांगून टाकू का, की पोपट बोलला म्हणून?" एव्हेनोरनी विचारलं.

"सांग," नुबियाबाई म्हणाल्या. "सांग, सेन्तेनोंच्या घरात माउलीला उत्तर द्यायला माणूस उरलं नाही, पाखरू ठेवलंय."

एव्हेनोरनी नाही सांगितलं.

"बघत काय बसलास? तसबीर आण झोपायच्या खोलीतली. आणि झाडावर काय आहे बघ."

झाडावर गोड लिंबं होती. एव्हेनोरनी अंधारात चाचपडत ती बादलीत तोडली. नुबियाबाईंनी इस्त्रीचं टेबल पुढच्या खोलीत ओढलं. त्यावर घालायला घरात माउलीच्या निळ्या रंगाचं एकच कापड होतं, ते पिंजऱ्यावर. त्यांनी चादर ओढून काढली, टेबलावर घातली, तसबीर टेकवली आणि दार उघडलं. पिंजरा हलवायला वेळच मिळाला नाही. तो तसबिरीशेजारी तसाच राहिला आणि लोकांना वाटलं, यंदा आराशीत जिवंत पाखरू आहे.

"काय सुरेख सुचलं हो नुबियाबाई," पहिलीच बाई म्हणाली.

नुबियाबाईंना बोलायचं होतं, पण रागानं त्यांचा घसा असा बसला होता की नुसती फुंकर बाहेर पडली. पुढच्या घोळक्यानं विचारलं, "एवढा आनंद कुणामुळे?" उत्तर वकीलबाईंनीच दिलं. नुबियाबाईंनी प्रसंग ओळखला आणि ओठ हलवले. त्यानंतर हेच चालू झालं. बाहेरून प्रश्न येई, नुबियाबाई तोंड उघडत, वकीलबाई बोलत आणि एव्हेनोर लिंबू घालत. एकदाही चुकामूक झाली नाही. लिंबू घालताना एव्हेनोरचं लक्ष पाखराकडेच होतं. प्रश्न अर्ध्यावर असताना ते मान तिरकी करी, लोकांचा श्वास संपेपर्यंत थांबे आणि मगच बोले. चर्चच्या गायकवृंदाला हे जमत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

बादलीचा तळ दिसू लागला तेव्हा गर्दी जरा बाजूला सरकली आणि दारात आदिलियाबाई उभ्या राहिल्या. हातात रिकामी पिशवी, चेहरा दगडासारखा. मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले. सगळ्या गल्लीला सगळं ठाऊक होतं.

"एवढा आनंद कुणामुळे?" आदिलियाबाईंनी विचारलं. त्यांनी ते शेवटचा डाव लावल्यासारखं विचारलं.

वकीलबाईंनी मान तिरकी केली. आदिलियाबाईंना वरून खालपर्यंत न्याहाळलं. ती नजर एव्हेनोर ओळखत होते. त्यांच्या हातातलं लिंबू निसटून घरंगळत गेलं.

"आदिलियाची..." वकीलबाईंनी सुरुवात केली.

"...वाट बघत होते मी!" नुबियाबाई गरजल्या. घसा कसा मोकळा झाला, ते त्यांनाही कळलं नाही. "मघापासून. प्रत्येकाच्या मागे बघतेय, आदिलिया आली का, आली का."

दोन्ही आवाज इतके एक होते की वाक्यात सांधा कुठे आहे, ते फक्त तिघांना माहीत होतं, आणि त्यातलं एक पाखरू होतं. आदिलियाबाईंचा दगड हलला. त्यांनी पिशवी पुढे करायची थांबवली आणि बादलीत डोकावून पाहिलं.

"एवढ्यावर भागणारे का तुझं? लोक बघ किती आहेत."

"बघतेय ना."

"वड्या नाही केल्यास?"

"केल्या असत्या, पण फोडायला एवढे वरवंटे कुठून देऊ," नुबियाबाई म्हणाल्या.

आदिलियाबाई हसल्या, अगदी कवळी दिसेपर्यंत हसल्या. मग वळून त्यांनी आपल्या घराकडे हाक मारली आणि त्यांच्या आराशीतली ऊस-संत्र्यांची पाटी रस्ता ओलांडून आली. दोघी मिळून वाटू लागल्या. वकीलबाई उत्तरं देत राहिल्या आणि नुबियाबाई ओठ हलवत राहिल्या.

"आवाज काय लागलाय गं तुझा आज," आदिलियाबाई मधेच म्हणाल्या. "नेहमी एवढा गोड नसतो."

नुबियाबाईंनी पुढच्या पिशवीत एकाऐवजी दोन संत्री घातली.

गर्दी ओसरली, तसा फोन वाजला. एव्हेनोरनी उचलला, ऐकलं आणि फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं.

"हेबेर्तो आहे. विचारतोय, टोपली केवढी आणू?"

नुबियाबाई पिंजऱ्यासमोर बसून कॉफीत तोर्तिया बुडवत होत्या. "मोठी आण म्हणावं."

एव्हेनोरनी फोनवरचा हात काढला नाही.

"आणि संत्र्यांनी भरून आण म्हणावं. आदिलियाची पाटी काय रिकामी पाठवू?" तोर्तियाचा तुकडा त्यांनी गजांतून आत दिला. "जाताना टोपली त्याची त्याला घेऊन जाऊ दे. रिकामीच."