चढाचा चिरूट

सोनबा ड्रायव्हरच्या लॉरीत बसायचं तर आधी त्याच्या तोंडाकडं बघायचं, ही सवयच महाड-पोलादपुरातल्या माणसांना लागून गेली होती. तोंडात बारीक चिरूट असला तर रस्ता सपाटीचा. मग सोनबा बोलणार, एक हात चाकावर आणि दुसरा हवेत, मान मागं वळलेली. आणि तोंडात जाडा काळा चिरूट दिसला की समजायचं घाट आला. मग सोनबा मुका. दोन्ही हात चाकावर, डोळे रस्त्यावर, आणि मागच्यांनी खुशाल डुलकी काढावी.

हे चिरुटाचं वेड त्यानं लढाईतून आणलं होतं. बरमाच्या जंगलात पलटणीची लॉरी हाकता हाकता तिकडच्या म्हाताऱ्या बायकांकडून शिकला म्हणे. गावी आल्यावर लोकांनी विडी पुढं केली तर याचं तोंड वाकडं. मुंबईच्या गोदीत त्याचा चुलतभाऊ होता, तो शिमग्याला येताना चिरूट घेऊन यायचा. ते एका पत्र्याच्या डब्यात राहायचे. डब्यात पुठ्ठे घालून सोनबानं तीन खण केले होते. एकात बारीक पिवळट, ते सपाटीचे. दुसऱ्यात जाडे काळे मद्रासकडचे, ते चढाचे. तिसऱ्यात मधल्या अंगाचे, कमरेला कागदाची अंगठी घातलेले, ते उताराचे. सपाटीच्या खणात पुन्हा दोन जाती. आज एक ओढला तर उद्या दुसरा.

"रोज एकच भाजी खाल्ली की जीभ झोपते," सोनबा सांगायचा. "जिभेला जागी ठेवायची तर बदलून बदलून द्यायला लागतं."

"आन् सपाटीला जाडा ओढला तर काय बिघडंल?" कुणी तरी मुद्दाम विचारायचं.

"तू भर दुपारी काकडआरती करतोस काय?"

पण माणूस गाडीला पक्का. बाकीच्या लॉऱ्या आंबेनळी घाटात उभ्या चढाला आल्या की माणसांना खाली उतरवायच्या आणि रिकाम्या वर न्यायच्या. माणसं मागनं धापा टाकत. सोनबानं आजवर एकाही माणसाला घाटात उतरवलेलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवर तो महाडच्या बाजारातून छाती काढून चालायचा.

म्हणूनच कुशाबानं त्याला धरला. कुशाबाचा मुलगा लग्नाचा, मुलगी घाटमाथ्यावरची. सुपारी फोडताना मुलीचा बाप गोमाजी मिशीत हसत बोलला होता, "लॉरी आणाल तुम्ही, नाय कोण म्हणतो? पण वऱ्हाड आमच्याकडं पायीच येतं. लॉरी मागनं येते, रिकामी."

कुशाबाला ते झोंबलं. पन्नास माणसांत तो उठून उभा राहिला. "माझ्या वऱ्हाडातला एक माणूस जरी घाटात चालला ना व्याही, तर पोराच्या लग्नात मी फेटा बांधणार नाय. बोडक्या डोक्यानं उभा राहीन."

"बघू," गोमाजी म्हणाला.

लग्नाच्या दिवशी लॉरीला आंब्याचे टहाळे बांधले, दोन बाजूंना केळीचे खुंट उभे केले. मागं वऱ्हाड, नवरा मुंडावळ्या सांभाळत मधोमध. पुढं सोनबाच्या शेजारी कुशाबाची थोरली बहीण रंगूबाई. तिला मागं गाडी लागायची. कमरेला तंबाखूची चंची, आणि तोंड असं की गावातले कुत्रेसुद्धा तिच्या दारात भुंकायच्या आधी विचार करायचे.

"काय रे सोनबा, लॉरी हाकतोस का चूल पेटवतोस?" महाड सोडताच तिनं सुरुवात केली.

"हा सपाटीचा हाय आत्या. याला कुठं धूर म्हणतात? बरमात आम्ही," असं म्हणत सोनबा पुरता तिच्याकडं वळला आणि बरमातला पूल कसा वाहून गेला ते दोन्ही हातांनी दाखवू लागला. समोरून म्हशी आल्या. त्यांच्या त्याच बाजूला झाल्या.

"पुढं बघ रे मेल्या, पुढं."

"बघतोय की."

"माझ्या तोंडाकडं बघतोयस."

पोलादपूर येईपर्यंत पूल तीन वेळा वाहून गेला आणि वऱ्हाडानं कुलदैवताला नारळ बोलून ठेवले. लॉरी चहाला थांबली. सोनबा पुढचं झाकण उघडून इंजिनात पाणी ओतायला लागला.

इकडं गोमाजीचा धाकटा भाऊ येसाजी सामोरा आला होता. लॉरी खरंच आली का, ते बघून त्याला पायवाटेनं वर जाऊन वर्दी द्यायची होती. कुशाबाला भरून आलं. व्याह्याचा भाऊ, त्याची नुसत्या चहावर कशी बोळवण करायची? त्यानं इकडं तिकडं बघितलं. लॉरीच्या बैठकीवर सोनबाचा डबा. भाड्याची लॉरी म्हणजे त्यातलं सगळंच आज आपलं, असा कुशाबाचा हिशेब. त्यानं डबा उघडला आणि मान द्यायचा तर चांगलाच द्यावा म्हणून सगळ्यात जाडा चिरूट उचलला.

"घ्या येसाजीराव. आमच्याकडं असलं चालतं. व्याह्यांना द्या, म्हणावं कुशाबानं धाडलाय."

येसाजीनं तो फेट्यात खोचला आणि पायवाटेला लागला. बघता बघता करवंदीच्या जाळ्यांत दिसेनासा झाला.

वऱ्हाड लॉरीत चढून बसलं. सोनबानं हात पुसले, डबा उघडला आणि तसाच उभा राहिला. जाड्यांचा खण रिकामा. शिमगा होऊन दिवस लोटले होते, चढाचा तो शेवटचाच उरला होता.

"चढाचा कुठं गेला?"

कुशाबा छाती काढूनच बोलला, "व्याह्यांना धाडला. इज्जतीचं काम झालं सोनबा."

सोनबानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "तुमची इज्जत गेली वर पायवाटेनं. आता माझी कशावर न्यायची?"

"दुसरा कंचा तरी ओढ की."

"ऱ्हाऊ दे. बारीकावर नेतो." सोनबानं सपाटीचा चिरूट तोंडात धरला. "चला. बसा. वर जाईस्तोवर तो पूल पुरा सांगून होईल."

हे ऐकलं मात्र, मागचं फळकं खाली पडलं आणि वऱ्हाड उतरायला लागलं. आधी म्हातारी माणसं, मग पोराबाळांच्या आया.

"अरे कुठं?" कुशाबा ओरडला.

"आम्ही येतो चालत," एक जण जमिनीवर पाय टेकत म्हणाला. "बारीक चिरूट आन् आंबेनळीची दरी. आम्हाला अजून संसार हाय."

"अरे माझा फेटा."

"फेट्याखाली डोकं ऱ्हायला पायजे ना कुशाबा."

मग पोलादपुरात जाड्या चिरुटाचा शोध सुरू झाला. चहावाल्याकडं विड्या. वाण्याकडं विड्या आणि तपकीर. कुणी तरी विड्यांचं एक बंडल दोरीनं आवळून आणलं, "हा घे, जाडा."

"मी लॉरी हाकतो, भारा पेटवत नाय," सोनबा म्हणाला.

ऊन कलायला लागलं. गोरज मुहूर्त. कुशाबा लॉरीच्या चाकाजवळ बसला होता आणि फेटा हातात घेऊन त्याच्याकडं बघत होता, जसं काही तो फेटाच परगावी निघालाय. रंगूबाईनं ते बघितलं. मग तिनं कमरेची चंची सोडली.

चंचीत घरची काळी पानतंबाखू. मऊ राहावी म्हणून सकाळीच तिच्यावर पाणी शिंपडलेलं. तिनं सगळी पानं मांडीवर पसरली आणि दाबून दाबून वळली. केळीच्या खुंटाचं एक वाळकं सोपट फाडून वरनं गुंडाळलं. बांधायला हळदीचा दोरा. हे सगळं झाल्यावर जे तयार झालं ते वाटण्याच्या दगडासारखं दिसत होतं.

"हा घे."

सोनबानं तो फिरवून बघितला. "चंचीतली तंबाखू? आत्या, लोक काय म्हणतील?"

"तोंडात गेला की तू काय म्हणायचा नायस, तेवढं मला पुरं."

सोनबानं तोंडात घातला. तोंड गच्च भरलं. त्याला काही तरी बोलायचं होतं, ते आतच राहिलं. काडी लावली. हळदीचा दोरा भुरकन पेटला, सोपटाचा एक मोठा लोट निघाला. वऱ्हाडानं सुस्कारा सोडला आणि सगळी निमूट लॉरीत चढली.

पहिल्याच वळणावर चिरूट विझला.

रंगूबाईला ते दिसलं. टोकाला नुसता काळा डाग, ना ठिणगी ना धूर. ती बोलायला निघाली. मग तिच्या ध्यानात आलं की आपण बोललो की हा चिरूट काढणार, चिरूट काढला की पूल सांगणार. बाहेर दरी. जन्मात पहिल्यांदाच तिनं आलेला शब्द गिळला.

लॉरी कण्हत चढत होती. मागं जाळीच्या खिडकीला डोळा लावून एक जण पहाऱ्याला बसला होता.

"धूर दिसतोय काय रे?"

"दिसतोय."

"म्हणजे पेटलाय. बसा निवांत."

धूर होता तो इंजिनाचा. पुढच्या झाकणातून वाफ वर येत होती आणि सोनबाच्या तोंडासमोरून जात होती. चढ वाढला तशी वाफ वाढली.

"आता जोरात ओढतोय," पहारेकरी म्हणाला, आणि वऱ्हाडाला आणखी धीर आला.

झऱ्याचं वळण आलं तशी रंगूबाईनं सोनबाच्या बरगडीत कोपर मारून झाकणाकडं बोट केलं. सोनबानं मान हलवली, लॉरी थांबवली, चिरूट तोंडात तसाच ठेवून एकटाच उतरला आणि बादलीनं इंजिनात पाणी ओतलं. मागं एका म्हाताऱ्याला लघवी लागली होती. तो फळक्यावर पाय टाकतो तोच कुशाबानं त्याचं धोतर धरलं.

"उतरायचं नाय."

"कुशाबा, मला आलीय रे."

"दाबून धर. तुझ्या पायावर माझा फेटा हाय."

घाट संपला. माथ्यावर वारा लागला. लॉरी मांडवासमोर उभी राहिली तेव्हा सूर्य डोंगराच्या खांद्यावर होता आणि वऱ्हाडातल्या एकाच्याही वहाणेला घाटाची धूळ नव्हती. कुशाबा फेट्याचा तुरा सावरत उतरला. मागोमाग तो म्हातारा उतरला, पण तो मांडवाकडं न जाता भलतीकडंच पळाला.

सामोरं मात्र कुणीच आलं नाही. सनईवाले गप्प बसलेले. जांभळीखाली घोंगडीवर गोमाजी आडवा, कपाळावर ओलं फडकं, आणि येसाजी सुपानं वारा घालतोय.

"काय झालं व्याह्यांना?"

येसाजी खालच्या मानेनं म्हणाला, "तुम्ही धाडला तो दादानं पेटवला. दोन झुरक्यांत डोळं फिरायला लागलं. टाक म्हणालो, तर म्हणाला, व्याह्यानं मानानं धाडलाय, अर्धा टाकला तर आपली शोभा नाय. पुरा ओढला."

रंगूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमची लॉरी चढली, तुमचं डोकं उतरलं. आणा गो कुणी तरी कोकमाचं सार."

सार पोटात गेल्यावर गोमाजीनं एक डोळा उघडला. त्या अवस्थेतही त्यानं आधी विचारलं ते हेच, "चालत किती आले?"

"एक पण नाय," कुशाबा म्हणाला.

गोमाजीनं डोळा मिटला. "मग व्याही, तुमचा फेटा झाला. आता माझा बांधा. मला वर बघवत नाय."

कुशाबानं स्वतःच्या हातानं व्याह्याला फेटा बांधला, आणि मंगलाष्टकं होईतोवर त्याला बगलेत धरून उभा राहिला. बघणाऱ्यांना वाटलं, काय प्रेम आहे दोघांत. दोघांच्याही माना ताठ होत्या. एकाची आपोआप, दुसऱ्याची धरून ठेवलेली.

जेवणं झाल्यावर मांडवात माणसं पान खात बसली. सोनबानं खिशातून तो चिरूट काढला आणि सगळ्यांसमोर वर धरला.

"रंगूआत्यानं वळलेला. अख्खा बरमा फिरलो, असा चिरूट बघितला नाय. घसा धरत नाय, राख सांडत नाय, धूर डोळ्यात जात नाय. घाट चढून आलो, आन् हा बघा. तसाच्या तसा."

माणसं मान डोलवायला लागली. कुणी तो हातात घेऊन वास घेतला, कुणी तोलून बघितला. सगळे रंगूबाईकडं वळले. तिनं सोनबाकडं एकदा बघितलं, पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "आमच्या घरची तंबाखूच तशी हाय."

पुढं पावसाळा गेला, भातं कापून झाली. एका सकाळी सोनबाची लॉरी रंगूबाईच्या दारात येऊन थांबली. तो डबा घेऊन ओटीवर बसला. डब्यात आता चौथा खण केला होता आणि त्यात रंगूबाईनं वळलेला चिरूट एकटाच पडला होता, हळदीचा जळका दोरा तसाच.

"आत्या, आणखी एक वळून दे."

"का रे? पयला संपला काय?"

"नाय गो. दर चढाला तोच असतो तोंडात."

"मग दुसरा कशाला?"

सोनबानं चिरूट उचलला, पुसला, परत खणात ठेवला. "जोडीला हवा. एकच किती दिवस धरून ठेवायचा? जीभ झोपते."

रंगूबाई उठली. चंची आणायला आत गेली, पानं मांडीवर पसरली, आणि या खेपेला तंबाखूवर पाणी जरा जास्तच शिंपडलं.