सायकलस्टँडसाठी काय पण!

थंडीत आणि पावसात सायकलने ऑफिसला कसं जावं, हे मला विचारा! दुसऱ्या कुणाला विचारूच नका. आमच्या ऑफिसात या विषयावर अधिकारवाणीने बोलणारी व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे मी. (सायकलने येणारीही मी एकटीच, हा भाग वेगळा.)

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते आणि मी तक्रारींचे फोन घेते. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की त्याला धीर द्यायचा, पत्ता विचारायचा, मेकॅनिक पाठवायचा. "घाबरू नका, दार ओढू नका, दीर्घ श्वास घ्या," असं मी झोपेतही बोलते, अशी माझ्या नवऱ्याची तक्रार आहे. त्या तक्रारीवर मेकॅनिक नाही.

तर झालं असं. थंडी सुरू झाली आणि तिचं बोट धरून पाऊसही आला. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "मागचा सायकलस्टँड रिकामाच असतो. पुढच्या महिन्यापासून तिथे माझी गाडी लागेल. छप्पर चांगलं आहे."

"रिकामा कुठे? माझी सायकल असते की!"

"ती उन्हाळ्यात हो. असल्या हवेत कोण येतंय सायकलवर?"

"मी येणार! रोज!"

हे बोलताना मी चक्क उभी राहिले होते. का, ते मलाही कळलं नाही. पण माणूस एकदा उभा राहिला की लगेच खाली बसणं बरं दिसत नाही, म्हणून मी पुढे म्हणाले, "पाऊस पडो, गारा पडो, आभाळ पडो!"

साहेब हसले. "ठीक. महिनाभर एकही दिवस न चुकता या. स्टँड तुमचा. एक दिवस जरी बसने आलात, तर माझी गाडी आत."

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला आम्ही 'हवामान खातं' म्हणतो, कारण तिचा अंदाज कायम वाईटच असतो. ती माझ्या कानाशी कुजबुजली, "न्यूमोनिया होणार तुला."

झालं! माझ्या अंगात जणू वीरश्रीच संचारली.

घरी नवरा म्हणाला, "तू? पावसात? अगं, छत्री असूनही दूध आणायला तू मला पाठवतेस!"

"दुधासाठी कुणी पैज लावली नव्हती."

त्या महिन्यात मी जे शिकले, ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ओल्या रस्त्यावर ब्रेक ऐनवेळी दाबला की सायकल ऐकून घेते, पण विचार करून थांबते. म्हणून आधीपासून हळूहळू दाबायचा. गटाराची लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे यांच्यावरून वळायचं नाही. मी एकदा वळले आणि एका अनोळखी आजोबांच्या छत्रीखाली जाऊन थांबले. "या, या," म्हणाले बिचारे! टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची. मोज्यांवर प्लास्टिकची पिशवी चढवायची. चालताना पुडा उघडल्यासारखा आवाज येतो, पण पाय कोरडे राहतात. सीटला अंघोळीची टोपी घालायची. चष्म्यावर पाणी येऊ नये म्हणून हेल्मेटखाली पुढे चोच असलेली टोपी घालायची. आणि घरी आल्यावर, कितीही गारठला असलात तरी, आधी चेन पुसून तेल घालायचं, मग चहा!

अशी मी एक एक दिवस सर करत गेले. नवराही नकळत माझ्या बाजूला आला. बाल्कनीत उभा राहून "डावीकडे डबकं!" असं ओरडायला लागला.

आणि शेवटचा दिवस उजाडला. म्हणजे उजाडला असावा. बाहेर इतका अंधार होता की खात्री नव्हती. पाऊस असा कोसळत होता, जणू वर कुणी नळ उघडा टाकून गावाला गेलंय!

"मी गाडीने सोडतो," नवरा म्हणाला. "ऑफिसच्या कोपऱ्यावर गाडीतून सायकल काढून देतो. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!" मी बाणेदारपणे म्हणाले. "तू फक्त बॅगेत कोरडे कपडे भर. मी टायरमधली हवा बघते."

निघाले. पहिल्याच चढावर माझी पावसाळी पँट चेनमध्ये अडकली आणि टर्रर्र करून गुडघ्यापर्यंत फाटली. (उजवा पाय रबराने बांधून घ्यायचा असतो. लिहून ठेवा.) मग शेजारून एक बस गेली. ती नुसती गेली नाही, सगळं डबकं माझ्या मांडीवर ठेवून गेली. बोटं बधिर, नाक लाल, आतली पँट चिंब! पण मी थांबले नाही. पायडलगणिक म्हणत होते, "स्टँड माझा! स्टँड माझा!" सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला जरा लांब सरकला.

ऑफिसच्या दारात साहेब छत्री घेऊन उभे होते. मी त्यांच्यासमोरून ऐटीत वळले, छपराखाली सायकल लावली आणि कुलूप घातलं.

"मानलं तुम्हाला," साहेब म्हणाले. "स्टँड तुमचा."

त्या क्षणी मी घरी निघून गेले असते, तर ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती.

पण कपडे बदलायचे होते. बाथरूममध्ये बॅग उघडली. आत ब्लाउज होता, स्वेटर होता, मोजे होते, स्कार्फ होता, दुसरा स्कार्फही होता. मी नवऱ्याला फोन लावला.

"पँट कुठाय?"

"पँट म्हणालीस कुठे? कपडे म्हणालीस."

"पँट हा कपडा नाही?"

"तो तुझ्या अंगावर होता ना!"

मी पिवळाधमक रेनकोट पुसून कमरेला गुंडाळला, बाह्यांची मागे गाठ मारली आणि स्टोअररूममध्ये शिरले. तिथे एक जुना हीटर आहे. त्याच्यासमोर खुर्चीवर ओली पँट टाकली आणि खाली बूट मांडले. ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबलं की ते पाणी शोषून घेतं, ही माझी खास युक्ती. मी चांगलं गच्च कोंबलं. लवकर वाळावेत म्हणून बूट हीटरच्या आणखी जवळ सरकवले. मग टेबलामागे जाऊन बसले. टेबलाच्या वर मी अगदी सभ्य दिसत होते.

थोड्या वेळाने हवामान खातं हवा हुंगत म्हणालं, "काहीतरी जळतंय. आज काही खरं नाही."

"तुझं नेहमीचंच!" मी हसले.

आणि आगीचा भोंगा वाजला!

वॉचमन काका शिट्टी फुंकत धावले. त्यांनी नियमाप्रमाणे आधी बिल्डिंगची वीज तोडली, मग आम्हाला जिन्याने खाली पिटाळलं. आग लागल्यावर मागच्या मोकळ्या जागेत जमायचं, असा आमच्याकडे नियम. पण मोकळ्या जागेत धो धो पाऊस! अख्खं ऑफिस सायकलस्टँडच्या छपराकडे धावलं. मीही धावले, अनवाणी, कमरेला रेनकोट धरून. माझ्या सायकलीभोवती अशी दाटी झाली की हँडल कुणाच्या पोटात होतं, तेही कळेना.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मी टेबल सोडलं की तक्रारीचे फोन मोबाइलवर येतात. धंदा तो धंदा! मी घेतला.

"नमस्कार! घाबरू नका, दार ओढू नका. आपण कुठल्या इमारतीत अडकला आहात?"

"आपल्याच!" पलीकडून साहेब किंचाळले. "वीज कुणी घालवली?"

"दीर्घ श्वास घ्या, सर."

"कसा घेऊ? धुराचा वास येतोय!"

साहेब, अंधार, धूर! मी फोन कानाला तसाच धरून काकांकडे पळाले. काका स्टोअररूममधून परतत होते. हातात चिमट्याने धरलेला, धुमसणारा माझा बूट!

"आग नाही, बूट आहे," काकांनी जाहीर केलं. "आणि एक पँट. ती गेली."

वीज आली, लिफ्ट खाली आली, साहेब मागच्या दाराने बाहेर आले. घामाने डबडबलेले, टाय कानामागे गेलेला.

"कुणाचा बूट?" त्यांनी विचारलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अख्ख्या ऑफिसात अनवाणी आणि रेनकोटाचा परकर नेसलेली बाई एकच होती.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग छपराकडे. मग त्याखाली कोरड्या उभ्या असलेल्या सगळ्यांकडे.

दुसऱ्या दिवशी छपराखाली पाटी लागली. 'आपत्कालीन जमण्याची जागा. येथे कोणतेही वाहन उभे करू नये. सायकलसुद्धा.'

मी नवे बूट करकरवत तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सर, हा अन्याय आहे! मी महिनाभर एक दिवसही चुकले नाही. स्टँड माझा, असं तुम्ही स्वतः म्हणाला होतात!"

"तुमचाच आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "पुढच्या वेळी बूट जाळलेत, की हक्काने जाऊन उभ्या राहा."