डोमाजींची बणीठणी

डोमाजींच्या फोटोत माणसाला एकच कान असे. एक कान, एक डोळा, अर्धं कपाळ आणि नाक तेवढं पूर्ण. त्यांच्या स्टुडिओत समोरून फोटो काढून घेतलेला माणूस गोंदियात तरी माझ्या पाहण्यात नव्हता.

मी तेव्हा गोंदिया स्टेशनावर मालबाबू होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. भाड्याची खोली मिळाली ती नेमकी डोमाजींच्या स्टुडिओला लागून. डोमाजी मूळचे नवेगाव बांधाकडचे कोहळी. घरचे लोक पिढ्यान्पिढ्या तलाव बांधायचे आणि धान पिकवायचे. हेच एक उठून नागपूरला गेले आणि कॅमेरा शिकून आले. वय पन्नाशीकडे झुकलेलं, घरात दुसरं कोणी नाही. धोतरावर काळा कोट, आणि औषधात बुडवून बुडवून काळी पडलेली बोटं.

ते बोलायलाही माणसाच्या समोर उभे राहत नसत. येऊन त्याच्या डाव्या हाताला उभे राहत आणि त्याच्या कानाशी बोलत. पहिल्या भेटीत मी शिष्टाचार म्हणून त्यांच्याकडे वळलो, तर तेही तेवढेच सरकले. मी आणखी वळलो. शेवटी आम्ही दोघं खळ्यावरच्या बैलांसारखे एकमेकांभोवती फिरत राहिलो.

"कायले वळून राहिले जी? मले तुमची कोर पाहू द्या ना," डोमाजी म्हणाले.

कोर म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरणारी चेहऱ्याची रेघ. माणसात पाहण्यासारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. माझी कोर पाहून त्यांनी नुसतं "हं" केलं आणि चहा सांगितला. पुढं वर्षभर मी त्या "हं"चा अर्थ विचारला नाही.

या सगळ्याच्या मुळाशी भिंतीवरची एक बाई होती. गावातल्या एका मारवाडी सेठजींनी किशनगढकडून एक लहानसं चित्र आणलं होतं आणि ते मोठं करून द्यायला डोमाजींकडे टाकलं होतं. डोमाजींनी सेठजींची प्रत सेठजींना दिली आणि दुसरी स्वतःसाठी काढून हातानं रंगवली. किशनगढच्या दरबारातल्या जुन्या चित्रावरून कोणी कारागिरानं ही नक्कल केली होती. तिला बणीठणी म्हणतात, म्हणजे नटलेली, सजलेली. इतकी माहिती सेठजींनी पुरवली. बाई डावीकडे तोंड करून बसलेली. लांब, पुढं झुकलेलं नाक. कानापर्यंत गेलेला, अर्धा मिटलेला डोळा. गालावर सुटलेली केसांची एक बट. एका हातानं झिरझिरीत ओढणी धरलेली, दुसऱ्या हातात कमळाच्या दोन कळ्या. ओठांवर हसू असल्यासारखं वाटायचं, पण नीट बघायला जावं तर नसायचं.

"समोरून तोंड दिसते जी," डोमाजी तिच्याकडे बोट करून सांगत. "बाजूनं माणूस दिसते."

मग त्यांनी सगळ्या गोंदियाला बणीठणी करायला घेतलं. बाई आली की ती स्टुलावर डावी बाजू कॅमेऱ्याकडे करून बसणार, कानाशी एक बट काढणार आणि हातात कळ्या धरणार. तलावात कमळं असली तर कमळं. नसली तर डोमाजी बाजारातून लहान लांबट वांगी आणत आणि देठाकडून धरायला लावत. फोटोत वांगं कळीच दिसतं, असं त्यांचं म्हणणं, आणि खोटं नव्हतं. त्या काळातल्या निम्म्या गोंदियाच्या लेकीसुना भिंतीवर वांगी घेऊन बसल्या आहेत.

पुरुषांचीही सुटका नव्हती. एका मालगुजारांना आपल्या मिशीचा मोठा अभिमान. फोटो हातात पडल्यावर त्यांनी तो उलटून पाहिला. उरलेली मिशी कुठं गेली म्हणून ते स्टुडिओत येऊन गरजले. डोमाजी शांतपणे म्हणाले, "थ्या बाजूले आहे जी. कुठी नाई गेली."

माझं लग्न झाल्यावर आम्ही जोडीनं फोटो काढला. त्यात मी आणि बायको एकाच दिशेला बघत मागेपुढे बसलो आहोत, जणू पॅसेंजर उशिरा आहे आणि सिग्नल पडायची वाट बघतोय. सासूबाईंनी हळूच विचारणा केली की दोघांत काही बिनसलं आहे का.

मुलगी पाहायला येणाऱ्यांची तर फारच पंचाईत होई. आमच्या गल्लीत एक मंडळी फोटो घेऊन आली, मुलीच्या समोर बसली, आणि ही ती नव्हेच म्हणाली. मग मुलाच्या बापाला काय सुचलं कोण जाणे, तो उठून तिच्या डाव्या हाताला जाऊन बसला. एकेक करत सगळेच तिकडे सरकले आणि लग्न ठरलं.

लोक चिडत, हसत, आणि पुन्हा डोमाजींकडेच येत. कारण त्या एका बाजूत माणूस खरंच देखणा निघायचा. भाजीवालीसुद्धा आपला फोटो बघून पदर सावरून घेई.

अशात एक दिवस बुधरामजी माझ्याकडे आले. सालेकशाकडचे पोवार, मोहफुलांचा आणि तेंदूपानांचा माल त्यांचा माझ्याच गोदामातून जायचा. सोबत मुलगी होती, गंगा. लग्नाच्या वयाची, अंगानं सडपातळ, चालताना मान एकाच बाजूला ठेवणारी. लहानपणी देवी आल्या तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. बुबुळावर पांढरा डाग होता. स्थळं यायची आणि डोळा पाहून परत जायची. बुधरामजींना कोणीतरी डोमाजींबद्दल सांगितलं होतं. एवढे दिवस लोक ज्याला वेड म्हणतात ते आज आपल्या कामाला येईल, असं ते आशेनं बोलत होते. मलाही ते पटलं. मी त्यांना घेऊन शेजारी गेलो.

गंगा न सांगता डावी बाजू पुढं करून स्टुलावर बसली. तिला सवयच होती. आणि खरं सांगतो, खिडकीतून आलेल्या उजेडात ती तशी बसली तेव्हा मी एकदा भिंतीकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं. तेच नाक, तीच हनुवटी. डोमाजी आयुष्यभर जिची वाट बघत होते ती चालत येऊन बसली होती.

डोमाजी काळ्या कापडाखाली गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"समोर पाहाय, माय," ते म्हणाले.

गंगा हलली नाही. बुधरामजींना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. डोमाजींनी पुन्हा सांगितलं, समोरून काढू, नाहीतर नाही काढणार. लढाईमुळे फोटोच्या काचा मिळत नाहीत, एकच काच उरली आहे, ती अशी वाया घालवणार नाही.

बुधरामजी भडकले. "साऱ्या गोंदियाले बाजूनं बसवता अन् माझ्याच पोरीले समोरून कायले?"

 डोमाजी मुलीजवळ गेले, यावेळी डाव्या हाताला नाही, नीट समोर, आणि उकिडवे बसले. "लगन तुह्यं आहे. आता लपवशीन, मंग जलमभर लपवा लागते. तू सांग, कसा काढू?"

गंगानं बापाकडे पाहिलं नाही. पायाच्या बोटानं जमीन उकरत ती बसून राहिली. मग उठली, स्टूल स्वतःच फिरवलं आणि कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून बसली. हातात कळ्या द्यायचं डोमाजींना सुचलंच नाही.

बापलेक गेल्यावर डोमाजी कॅमेऱ्याची तिपाई न मिटताच खाली बसले. मीच बोललो, की मुलीचं आता जमणार कसं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते पहिल्यांदाच सांगितलं असावं, कारण अडखळत सांगितलं.

त्यांचं लग्न झालं होतं. मुलीकडच्यांनी तिला कंदिलाच्या उजेडात, पदर ओढून, एका बाजूनं दाखवलं. लग्नानंतर त्यांना कळलं की तिच्याही एका डोळ्यात फूल आहे. डोमाजींना राग आला नाही. बिचारीला लाज वाटू नये म्हणून त्यांनी कधी विषयच काढला नाही. पण तिला वाटत राहिलं की नवऱ्याला अजून माहीत नाही. ती वाढायची ती एका बाजूनं, बोलायची ती एका बाजूनं, आणि पदर कधी ढळू द्यायची नाही. बोलू, आज बोलू, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. मग गावात पटकी आली आणि तीत ती गेली. तिचा चेहरा पुरता समोरून त्यांनी पाहिला तो तिला बाहेर काढून ठेवल्यावर. कॅमेरा शिकायला ते गेले ते त्यानंतर.

"मले मालूम आहे, इतलं तरी म्हनाले पाहिजे होतं जी," ते म्हणाले. "मी भला मानूस बनून राहिलो, अन् थे भेऊन राहिली."

सेठजींनी ते चित्र पहिल्यांदा समोर ठेवलं तेव्हा आपल्याला कोण दिसलं, हे त्यांनी सांगितलं नाही. 

गंगाचा फोटो दोन घरांतून परत आला. तिसऱ्या ठिकाणी, आमगावकडच्या एका शाळामास्तरानं तो ठेवून घेतला. डोळ्याचं आपण पाहिलं आहे, बोलणी करायला या, असा निरोप त्यानं धाडला. फाल्गुनात लग्न लागलं. बुधरामजी डोमाजींना न्यायला स्वतः आले. बैलगाडीत डोमाजींसाठी मुद्दाम गादी घातली होती.

पंगती उठल्यावर आम्ही मांडवाच्या कडेला बसलो होतो. गंगा हळदीच्या पिवळ्या लुगड्यात पाया पडायला आली. माझ्या पाया पडली, मग डोमाजींच्या. डोमाजी सवयीनं बाजूला सरकायला लागले. ती तिथंच उभी राहिली, पदर मागे सारलेला, दोन्ही डोळे त्यांच्यावर. डोमाजी थांबले. त्यांनी तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मला वाटलं आता काही आशीर्वाद देतील, नाहीतर तिच्या कोरेबद्दल एखादा शब्द काढतील.

"जेवली का, माय?" त्यांनी विचारलं.

ती नाही म्हणाली. तर ते उठले, तिच्यासाठी पाट मांडला, आणि ती जेवेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले.