महाराजांच्या दोन दाढांची बखर

श्री एकदंतास नमन, ज्याचे एका दातावर चालले परंतु कोणापाशी गाऱ्हाणे केले नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघ मासी राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

महाराज भवानजीराजे यांच्या उजवीकडील वरच्या दोन दाढा पूर्वीच पडल्या होत्या आणि त्या जागी काढघालीच्या दाढा बसविल्या होत्या. मग राजकन्येच्या साखरपुड्यात महाराज व्याह्यांशी बोलता बोलता हसले, आणि त्या दाढा सुटून व्याह्यांच्या बासुंदीत पडल्या. व्याही भले, त्यांनी वाटी हळूच बाजूस सारली. परंतु त्या दिवसापासून महाराज पंगतीस बसेनात, पडद्याआड एकटेच मऊ भात जेवीत, आणि लेकीच्या लग्नात काय करावे या विचारे झुरू लागले. मग दंतवैद्या मंजुळाबाई पोंक्षे यांस बोलावणे गेले. बाईंनी जबड्याचे यंत्रचित्र काढून सांगितले की दाढा गेल्याने वरचे हाड झिजले आहे, त्यावर गालात वाऱ्याची पोकळी आहे, तिच्या तळाचा पडदा अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा नाजूक आहे. तो अलगद वर उचलून खाली हाडाचा भुगा भरावा, तरच नव्या दाढा ज्यांवर चढवावयाच्या ते खिळे धरतील. गाल फाडणे नको, खिळ्यांच्या दोन छिद्रांतूनच पाण्याच्या दाबाने पडदा उचलू.

हे ऐकून दरबारात मोठी मसलत बसली. सेनापती हैबतराव नाराज जाहले. त्यांचे म्हणणे, गावचा पाटीलही एवढ्यावर भागवील. महाराजांस मोठी चीर, लांब टाके आणि निदान महिनाभर अंथरूण पाहिजे, नाहीतर शेजारी राज्ये काय म्हणतील? प्रधानांनी मान डोलविली आणि मग सर्वांनीच डोलविली. महाराजांस लहान छिद्रेही भारी वाटत होती, परंतु ते सांगावे कोणास? मग त्यांनी बाईंस एकांती बोलावून विचारिले, "दुखेल का?"

बाई म्हणाल्या, "सुई टोचेल, मग दाब वाटेल. पडदा फाटला तर मी तिथेच थांबेन आणि चार महिन्यांनी पुन्हा पाहीन. फाटणारच नाही, असे मी सांगणार नाही."

इतके खरे महाराजांनी बहुत वर्षांत ऐकिले नव्हते. त्यांनी मोठ्या चिरेची मसलत मोडिली आणि दुसरे दिवशी खुर्चीत निजले. छिद्रे जाहली, पाणी चढले, आणि बाईंनी नाक दाबून हळू फुंकावयास सांगितले. फाटले असेल तर छिद्रातून बुडबुडा येणार होता. महाराजांनी डोळे मिटून फुंकिले आणि अंगरखा घामाने भिजला. बुडबुडा आला नाही. "शाबूत आहे," बाई म्हणाल्या, आणि मग भुगा भरून खिळे बसविले.

पुढे पंधरा दिवस नाक शिंकरावयाचे नाही आणि शिंक आली तर तोंड उघडून द्यावयाची, असा नियम होता. महाराज भर दरबारी आ वासून शिंकले. हा नवा शिष्टाचार, असे प्रधान समजले, आणि आठवडाभरात अवघा दरबार आ वासून शिंकू लागला.

सहा महिन्यांनी हाड धरले, दाढा चढल्या, आणि मार्गशीर्षात लग्न लागले. महाराज पंगतीस बसून कुरकुरीत चकली चावीत होते, तेव्हा हैबतराव व्याह्यांस सांगू लागले की महाराजांनी गाल फाडून घेतला परंतु हूं म्हटले नाही. महाराजांनी चकली ठेविली.

"हैबतराव, छिद्रे दोनच होती, बोरूच्या टोकाएवढी. आणि आम्ही भ्यालो होतो."

मग व्याही महाराजांच्या कानाशी वाकले आणि गालावर हात ठेवून पुसते जाहले, "त्या बाई कोणत्या वारी बसतात?"

एवंच, त्या साली राज्यात लढाई जाहली नाही आणि मुलूखही वाढला नाही. दोन दाढा वाढल्या आणि महाराज चारचौघांत जेवू लागले, इतकेच घडले, ते लिहिले असे.